टांगत्या कुंडीतील लोबेलिया : लागवड व निगा

भुसावळ–खंडवा लोहमार्गावर असिरगड रोड आणि नेपानगर या स्थानकांच्या दरम्यान चांदनी हे स्थानक लागते. एका बाजूस सातपुड्याच्या डोंगररांगा, दुसऱ्या बाजूस तापीचे खोरे, आणि शेजारीच १९५६ साली राष्ट्राला अर्पण झालेली नेपानगरची वृत्तपत्र-कागदाची गिरणी, असा हा परिसर आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून चांदनी त्या जिल्ह्यात मोडते. खानदेश व निमाड यांची सीमा येथून जवळ असल्याने घराघरांतून मराठी, निमाडी आणि हिंदी या तिन्ही बोली कानी पडतात.

या भागातील शेतकऱ्याला केळी आणि कापूस यांची लागवड शिकविण्याची आवश्यकता नाही. परंतु शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, अंगणवाडी किंवा घराची ओसरी फुलांनी शोभिवंत करावयाची झाल्यास मात्र पुष्कळ वेळा निराशा पदरी पडते. मोकळी जागा थोडी असते, शेळ्या व गुरे रोपे टिकू देत नाहीत आणि उन्हाळा लागला की पाण्याची ओढ सुरू होते. जमिनीऐवजी छपराच्या वाशाला टांगलेल्या कुंडीत फुले लावणे हा या अडचणींवरील एक सोपा उपाय होय. अशा टांगत्या कुंडीसाठी लोबेलिया हे हिवाळी हंगामी फूल विशेष योग्य आहे. त्याची लागवड कशी करावी, निगा कशी राखावी आणि कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

फुलाची ओळख

लोबेलिया हे नाव मातियास द लोबेल (१५३८–१६१६) या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून पडले. या प्रजातीत चारशेहून अधिक जाती आहेत. बागेत लावली जाणारी जात लोबेलिया एरिनस या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. तिचे मूळ स्थान आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आहे. झाड नाजूक, पाने लहान आणि फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढे असते. तथापि फुले इतकी दाट येतात की बहराच्या वेळी पाने जवळजवळ झाकून जातात. गडद निळा, आकाशी, जांभळा, गुलाबी व पांढरा असे रंग आढळतात. निळ्या फुलाच्या मध्यभागी पुष्कळदा पांढरा ठिपका असतो.

या फुलाचे दोन प्रकार आहेत. पहिला बुटका, गोल झुडपासारखा वाढणारा. ‘क्रिस्टल पॅलेस’ हे त्यातील जुने व प्रसिद्ध वाण. दुसरा लोंबता, त्याच्या फांद्या कुंडीच्या काठावरून वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक खाली उतरतात. ‘सफायर’, ‘कॅस्केड’ व ‘रेगाटा’ ही या प्रकारातील वाणे होत. टांगत्या कुंडीसाठी दुसऱ्या प्रकाराचेच बी घ्यावे. पुडीवर ‘लोंबता’ असा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करूनच खरेदी करावी.

लोबेलियाचे नाव परके वाटले तरी हे कुळ महाराष्ट्राला अपरिचित नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, हिवाळ्यात पुरुषभर उंचीची, पांढऱ्या फुलांच्या लांब तुऱ्यांची एक वनस्पती दिसते. तिला देवनळ, धवळ किंवा रानतंबाखू म्हणतात. ती लोबेलियाचीच एक जात आहे. दोघींच्या उंचीत जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी फुलाची घडण एकच आहे, आणि दोघींत विषारी द्रव्य आहे, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुडीवरील सूचना आणि आपला हंगाम

लोबेलियाच्या लागवडीत अपयश येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचा हंगाम. युरोपातील पुस्तकांत व परदेशी बियांच्या पुड्यांवर बी जानेवारी ते मार्चमध्ये पेरावे, हिमतुषाराचे भय संपल्यावर मे महिन्यात रोपे बाहेर लावावीत आणि उन्हाळाभर फुले घ्यावीत, अशा सूचना असतात. त्या तेथील हवामानास अनुसरून योग्यच आहेत. परंतु तेथील उन्हाळा साधारणपणे आपल्या हिवाळ्यासारखा असतो. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. थंड, ओलसर हवा मानवणारी ही वनस्पती ३० अंशांच्या पुढे फुलणे थांबविते आणि पुढे करपून जाते. म्हणून पुडीवरील महिने न पाहता तापमान पाहावे.

निमाड, खानदेश आणि विदर्भ या भागांत लोबेलियाचे वेळापत्रक पुढीलप्रमाणे ठेवावे :

सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा : बी पेरणे.
नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा : रोपांचे पुंजके लहान कुंड्यांत हलविणे.
नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा : टांगत्या कुंडीत लावणे.
मकरसंक्रांतीच्या सुमारास : पहिली फुले.
जानेवारीची अखेर ते मार्चचा मध्य : बहर.
होळीच्या सुमारास : हंगाम समाप्त.

प्रजासत्ताक दिनी शाळेच्या व्हरांड्यात फुललेल्या कुंड्या हव्या असतील, तर पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलू नये. पेरणीपासून फुलापर्यंत तीन ते साडेतीन महिने लागतात. नोव्हेंबरच्या अखेरीस पेरलेल्या रोपांना फुलण्याच्या ऐन वेळी उन्हाची झळ लागते आणि सर्व श्रम वाया जातात.

या वेळापत्रकाचा आणखी एक लाभ आहे. विहिरी व हातपंप यांचे पाणी खाली जाऊ लागते, त्याच सुमारास लोबेलियाचा हंगाम संपतो. पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करणारी फुलझाडे उन्हाळाभर जगविण्याचा भार गावावर पडत नाही.

कुंडी, टोपली व त्यांचे वजन

टांगण्यासाठी तारेची टोपली, बांबूची टोपली, मातीची कुंडी किंवा तळाशी भोके पाडलेला जुना डबा, यांपैकी काहीही चालते. पत्र्याचा डबा उन्हाने तापतो, म्हणून त्यास बाहेरून चुना लावावा.

तारेच्या टोपलीला आतून अस्तर लागते. इतरत्र त्यासाठी नारळाचा काथ्या वापरतात. बऱ्हाणपूर व रावेर या केळीच्या पट्ट्यात वाळलेले सोपट विपुल मिळते. सोपटाच्या रुंद पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ कराव्यात आणि एकमेकींवर येतील अशा दोन थरांत टोपलीत बसवाव्यात. हे अस्तर पुढे कुजते हे खरे. परंतु लोबेलियाचा हंगामही तीन-चार महिन्यांचाच असल्याने ते पुरेसे टिकते, आणि नंतर खताच्या खड्ड्यात टाकता येते. तळाशी मातीची एक पसरट पणती ठेवल्यास पाणी लगेच निथळून जात नाही.

टांगण्यापूर्वी वजनाचा हिशेब करणे अगत्याचे आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोलाकार टोपलीत सुमारे सात लिटर माती मावते. पाणी घातल्यावर तिचे वजन नऊ-दहा किलोग्रॅमपर्यंत जाते. एवढे वजन वाळवी लागलेल्या वाशाला किंवा भिंतीतील सैल खिळ्याला पेलवत नाही. ज्या व्हरांड्यात मुले बसतात तेथे लोखंडी आकडा पक्का बसवूनच टोपली टांगावी, आणि शक्यतो बसण्याच्या जागेवर न टांगता कडेला टांगावी.

मातीचे मिश्रण

निव्वळ काळी माती टोपलीत भरू नये. ती ओली असता चिकट राहून मुळांना हवा मिळू देत नाही, आणि वाळली की तिला भेगा पडून मुळे तुटतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा व एक भाग नदीची जाड रेती असे मिश्रण करावे. काथ्याचा भुसा मिळत नसेल तर कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत वापरावे. त्यामुळे ओल टिकते व वजनही कमी होते. कच्चे शेण मुळीच घालू नये.

पेरणी

लोबेलियाचे बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये तीस हजारांहून अधिक बिया मावतात. असे बी चिमटीत धरून टाकल्यास एकाच जागी पडते. म्हणून चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक रेतीत मिसळावे आणि मीठ भुरभुरावे तसे पसरावे.

पसरट मातीच्या परळात किंवा लाकडी खोक्यात चाळलेले मिश्रण भरून ते हलके दाबून सपाट करावे. आधी पाणी देऊन मग बी पेरावे. बियांवर माती टाकू नये. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. मातीखाली गेलेले बी उगवत नाही. वरून झारीने पाणी दिल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जमते. म्हणून परळ पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवावे आणि माती खालून ओल शोषून घेईल असे करावे. वर ओलसर झालेली माती दिसताच परळ बाहेर काढावे. त्यावर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद झाकून ते उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे.

ऑक्टोबरचे ऊन कडक असते. उगवणीसाठी १८ ते २४ अंश तापमान हवे, म्हणून परळाखाली व सभोवती ओले गोणपाट अंथरून जागा थंड राखावी. दोन आठवड्यांत, क्वचित तीन आठवड्यांत, हिरव्या ठिपक्यांसारखे अंकुर दिसू लागतात. तेव्हा झाकण प्रथम थोडे सरकवावे व दोन-तीन दिवसांनी पूर्णपणे काढावे.

पुनर्लागण

एकेक रोप सुटे करण्याचा प्रयत्न करू नये. ते केसाएवढे बारीक असते व हाताळताना मोडते. रोपांना चार पाने आली की आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने चार ते सहा रोपांचा पुंजका मातीसह उचलावा आणि लहान कुंडीत लावावा. जुन्या वर्तमानपत्राचे द्रोण त्यासाठी चांगले उपयोगी पडतात. पुढे ते कागदासहित टोपलीत लावता येतात, आणि मुळांना धक्का लागत नाही.

रोपे दोन बोटे उंच झाल्यावर त्यांचे शेंडे नखाने खुडावेत. त्यामुळे फुटवे वाढतात. ३० सेंटिमीटरच्या टोपलीत पाच ते सहा पुंजके पुरतात. एक मध्यभागी व बाकीचे काठाजवळ, किंचित बाहेरच्या बाजूस कलते लावावेत. तारेच्या टोपलीत अस्तराला बाजूने छेद देऊन त्यातूनही एक-दोन पुंजके लावल्यास टोपली सर्व बाजूंनी भरून येते. मातीची पातळी काठापासून दोन बोटे खाली ठेवावी. अन्यथा पाणी काठावरून ओसंडून जाते.

ऊन, पाणी व खत

डिसेंबर-जानेवारीत टोपलीला पाच-सहा तास ऊन मिळावे. फेब्रुवारीच्या मध्यापासून ती पूर्वेकडील व्हरांड्यात हलवावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळून दुपारची झळ टळते.

लोबेलियाची माती एकदाही पूर्ण कोरडी पडू देऊ नये. एकदा वाळलेले झाड पाणी दिल्यावर हिरवे झाले तरी त्याचा बहर पुन्हा पूर्ववत येत नाही. उलटपक्षी, माती सतत चिखलासारखी राहिल्यास मुळे कुजतात. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागत नसेल तर पाणी द्यावे. टोपली खालून किंचित उचलून तिच्या वजनावरूनही ओल ओळखता येते. टांगती टोपली सर्व बाजूंनी वाऱ्यावर असल्याने जमिनीवरील कुंडीपेक्षा लवकर वाळते, म्हणून थंडीत रोज एकदा व फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळ-संध्याकाळ तपासणी करावी.

एका टोपलीस रोज अर्धा ते एक लिटर पाणी लागते. दहा टोपल्यांना रोज जास्तीत जास्त दहा लिटर, म्हणजे एका हंड्याहून कमी पाणी पुरते. हेही पाणी वेगळे भरण्याची गरज नाही. भाजीपाला व डाळ-तांदूळ धुतलेले पाणी शाळेच्या स्वयंपाकघरातून रोज मिळते, ते उपयोगात आणावे. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नये. वरच्या टोपलीखाली दुसरी कुंडी ठेवल्यास निथळलेले पाणी तिला मिळते.

पाण्याची अशी काटकसर बऱ्हाणपूरला नवी नाही. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारातून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणले गेले. या ‘कुंडी भंडाऱ्या’तील उभ्या विहिरींनाही कुंडी असेच म्हणतात. ज्या गावाने पाण्याचा प्रत्येक थेंब उताराने वाहून नेला, त्या गावाच्या मुलांना वरच्या कुंडीचे पाणी खालच्या कुंडीला देण्याचे मर्म सहज उमगेल.

टोपलीतील थोड्या मातीतले अन्न लवकर संपते. लागणीनंतर तीन आठवड्यांनी, आणि पुढे दर पंधरवड्यास, १९:१९:१९ हे विद्राव्य खत एका लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. ते उपलब्ध नसल्यास गांडूळखताचे पाणी गाळून, फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून द्यावे. अधिक खताने पाने माजतात व फुले कमी येतात.

छाटणी

पहिला बहर ओसरला की झाड मधोमध विरळ व पिवळट दिसू लागते. पुष्कळजण या वेळी ते उपटून टाकतात. तसे न करता फांद्या कात्रीने निम्म्या उंचीपर्यंत छाटाव्यात, खताचे पाणी द्यावे आणि टोपली आठवडाभर सावलीत ठेवावी. हवा थंड असेल तर तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर येतो. मात्र ही छाटणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावी. मार्चमध्ये छाटलेले झाड उन्हाळ्यामुळे पुन्हा सावरत नाही.

रोग व किडी

रोपावस्थेतील सर्वांत घातक रोग म्हणजे रोपे कोलमडणे. रोपाचा बुंधा मातीलगत काळा पडतो आणि एका रात्रीत परळाचा एक भाग झोपतो. दाट पेरणी, सततचा ओलावा व कोंदट हवा ही त्याची कारणे होत. पेरणीची माती कडक उन्हात पातळ पसरून तापवावी, बी विरळ पेरावे आणि उगवण होताच झाकण काढावे. रोग दिसल्यास बाधित भाग मातीसह उचलून टाकावा व उरलेल्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइड अडीच ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात देऊन माती भिजवावी. हे औषध शिक्षकांनी किंवा वडीलधाऱ्यांनीच हाताळावे.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि हवा कोरडी झाल्यावर लाल कोळी आढळतात. त्यांवर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करावी.

विषारीपणाबाबत दक्षता

लोबेलियाच्या सर्व भागांत लोबेलिन व तत्सम अल्कलॉइडे असतात. त्यांचा शरीरावरील परिणाम तंबाखूतील निकोटिनशी काहीसा मिळताजुळता असतो. पूर्वी काही देशांत तंबाखूचे व्यसन सोडविणाऱ्या गोळ्यांत लोबेलिन वापरीत असत. अमेरिकेत अशा गोळ्यांच्या विक्रीवर १९९३ साली बंदी घालण्यात आली. झाडाचा भाग खाल्ल्यास मळमळ, उलट्या, लाळ सुटणे, चक्कर व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. प्रमाण अधिक असल्यास हृदयाचे ठोके व श्वसन बिघडू शकते. चिकामुळे काहींच्या त्वचेस खाज सुटते.

यास्तव पुढील नियम कसोशीने पाळावेत. अंगणवाडीत टोपली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असावी. झाड हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. त्या खड्ड्यात पुराव्यात. देवनळ अथवा लोबेलिया घरगुती औषध म्हणून कोणालाही देऊ नये. मुलाने झाडाचा भाग खाल्ल्याचा संशय आल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. तोंडातील अंश पुसून, झाडाची फांदी सोबत घेऊन मुलास तात्काळ आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लोबेलिया टांगून लावण्याचे महत्त्व येथे अधिक ध्यानी येते. फूल सर्वांच्या नजरेसमोर राहते, पण मुलांच्या व जनावरांच्या तोंडाशी येत नाही.

वर्गातील अभ्यास

शिक्षकांना या लहानशा फुलातून वनस्पतिशास्त्राचे दोन पाठ देता येतील. पहिला पाठ देठाचा. कळी वाढत असता तिचा देठ अर्धा वेढा घेतो आणि फूल उलटे होते. वरच्या बाजूची तयार झालेली पाकळी त्यामुळे खाली येते. उमललेल्या फुलात वर दोन अरुंद व खाली तीन रुंद पाकळ्या दिसतात. खालच्या तीन पाकळ्या म्हणजे मधमाशीचा ओटाच होय.

दुसरा पाठ परागीकरणाचा. लोबेलियाचे पाचही परागकोश एकमेकांस जुळून नळी बनते आणि पराग त्या नळीच्या आत सांडतात. मधली कुक्षिवृंत पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे वर सरकत पराग बाहेर ढकलते. ते मधमाशीच्या पाठीवर लागतात. पराग संपल्यावर कुक्षी दोन भागांत उघडते व दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारते. सूर्यफुलातही अशीच योजना असते. दोन्ही फुले भिंगाखाली शेजारी ठेवून मुलांना तुलना करण्यास सांगावे.

बी धरणे व हंगामानंतर

फेब्रुवारीच्या अखेरीस काही फळे झाडावर पिकू द्यावीत. तपकिरी झालेली बोंडे टोकाशी उघडण्यापूर्वी कागदी पुडीत खुडून घ्यावीत, सावलीत वाळवावीत आणि बी कोरड्या बाटलीत ठेवावे. शेजारी निरनिराळे रंग लावले असल्यास पुढील वर्षी रंगांची सरमिसळ होते. तथापि दरवर्षी पुडी विकत घेण्याचा खर्च वाचतो. बाटलीवर वर्ष लिहून ठेवावे.

होळीनंतर लोबेलिया उपटून त्याच टोपलीत थोडे खत मिसळावे व ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाबाच्या काड्या खोचाव्यात. हे झाड ऊन सोसते व त्यास पाणी थोडे लागते. अशा रीतीने एका टोपलीत हिवाळा आणि उन्हाळा हे दोन्ही हंगाम साधतात.

दरवर्षी जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये, १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाच्या वतीने पुष्पप्रदर्शन भरते. हंगामी फुलांच्या कुंड्या तेथे नेटकेपणाने मांडलेल्या असतात. त्यांतील सौंदर्य मोठ्या खर्चावर नव्हे, वेळेवर केलेल्या पेरणीवर व नित्याच्या देखरेखीवर उभे असते. ही दोन्ही साधने चांदनीसारख्या गावातील शाळेलाही उपलब्ध आहेत. प्रत्येक टोपली एका विद्यार्थ्याच्या नावे करून दिल्यास देखरेखीचा प्रश्न आपोआप सुटेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. परदेशी पुडीवरील पेरणीचे महिने आपल्याकडे का लागू पडत नाहीत?
२. लोबेलियाच्या बियांवर माती का टाकू नये?
३. ४० सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोलाकार टोपलीत किती लिटर माती मावेल? ती टांगण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल?
४. आपल्या शाळेत रोज किती लिटर धुण्याचे पाणी वाया जाते, ते मोजा. त्यात किती टोपल्या जगतील?
५. लोबेलिया आणि सूर्यफूल यांच्या परागीकरणातील साम्य लिहा.
६. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर उघड्या का टाकू नयेत?